दोन्ही मुलीकडचेच

लग्न करायचं हे ठरवायला आम्हा दोघींना चौदा वर्षं लागली. तयारीला मी सहा आठवडे धरले. कायद्याच्या लेखी हे लग्न नाहीच, म्हणजे कागदपत्रांची कटकट तरी वाचली, असं मी स्वतःला समजावलं. चाळीस माणसं, दोन हार, आम्हीच लिहिलेल्या आणि एका मैत्रिणीने म्हणायच्या मंगलाष्टका, साधं जेवण. यात अडण्यासारखं काय होतं?

गंगापूर रोडवरच्या लॉन्सचा मॅनेजर फॉर्म भरायला बसला.

"मॅडम, मुलाकडचे कोण?"

"कोणी नाही. दोन्ही मुलीकडचेच."

त्याने पेन टेकवलं, परत उचललं. "मग वराची खोली कुणाला?"

"दुसऱ्या वधूला."

"त्या खोलीत आरसा नाहीये, मॅडम."

"मग लावा." मी वहीत लिहिलं: आरसा.

हे सगळं मार्गी लागत होतं. मार्गी लागत नव्हती ती माझी आई. ती सायखेड्याला असते. आमच्याकडे येते, हिच्या हातचं आवडीने जेवते आणि गावात 'लेकीची मैत्रीण' एवढंच सांगते. लग्नाचं सांगितल्यावर तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. रोज संध्याकाळी फोन मात्र करायची.

"आई, येणार आहेस का?"

"जेवणात काय हाय?"

"पुरणपोळी. येणार आहेस का?"

"ह्या उन्हात पुरण? लय जड पडंल. आन दाराला आंब्याची पानं लावणार का नाय?"

"लावणार. आई, तू—"

"कुकर झाला," म्हणून फोन बंद.

सहा आठवडे हेच. जेवायला एक पान कमी-जास्त झाल्याने आचाऱ्याला काही फरक पडत नव्हता. मला पडत होता. आई आली नसती तरी मी लग्न केलं असतं, पण मला ते तसं करायचं नव्हतं. शेवटी मी विचारणंच सोडलं.

लग्नाच्या दिवशी आठ वाजता आम्ही दोघी एकाच गाडीतून पोचलो, तर फाटकाशी हिची वहिनी ओवाळणीचं ताट घेऊन उभी. समोर तसंच ताट घेऊन माझी आई.

मी यादीत 'आठ वाजता स्वागत' लिहिलं होतं. कोणी कुणाचं करायचं, ते लिहायचं राहिलं होतं. मुलीकडच्यांनी आधी येऊन समोरच्यांना ओवाळायचं, हे दोन्ही घरांना पाठ. त्यामुळे दोन्ही घरं दारात आणि आत चिटपाखरू नाही.

"मावशी, तुम्ही आत चला ना. तुमचं स्वागत करायचंय," वहिनी म्हणत होती.

"मुलीच्या आईचं कुठं स्वागत करतात? तुम्ही बसा. मी सहापासून उभी हाय."

"आई, तू आलीस?"

"मंग? लेकीच्या लग्नाला काय शेजारीण येईल?"

"रोज विचारत होते! एकदा सांगायचं तरी!"

"त्यात सांगायचं काय? आन तुम्ही दोघी एका गाडीत कशा आल्या? कुणाला ओवाळायचं आम्ही? जा माघारी. एकेक या. आधी हिला पाठव."

मुहूर्ताला पंधरा मिनिटं उशीर होणार होता. तरी मी भरजरी शालूत, उन्हात, रस्त्याच्या कडेला माझी पाळी येईपर्यंत उभी राहिले. फाटकात आई हिच्या कपाळाला कुंकू लावत होती, आणि "हलू नको गं, नीट उभी राहा," म्हणून मला रागावते तशी तिला रागावत होती.