सातवा बार

दुसरं महायुद्ध सुरू असताना, एका चैत्रात, दुपारच्या जेवणाआधी आळंदजवळच्या विहिरीत सुरुंग उडून एक माणूस मेला. तो आमच्या गल्लीत राहायचा. विहिरींच्या खडकात सुरुंग लावणं हे त्याचं काम. सगळे त्याला अण्णा म्हणत.

वाती पेटवून वर आला की अण्णा लांब जाऊन दोन्ही मुठी मिटायचा. एकेक बार उडाला की एकेक बोट उघडायचा. पेटवलेल्या वाती आणि उघडलेली बोटं सारखी भरली तर धूर निवल्यावर खाली उतरायचं. एक जरी कमी पडलं तर दुसऱ्या दिवसापर्यंत विहिरीकडे फिरकायचं नाही. मोजायचं मात्र ज्यानं बत्ती दिली त्यानंच. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. दोघं मोजायला लागले की भांडण होतं, असं त्या कामातले लोक सांगत.

मोठ्यानं बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अण्णाच्या घरी भाजी कसली, हे गल्लीला कळायचं. त्याची बायको, आमची अक्का, म्हणायची, "हळू बोला की. गुलबर्ग्यापर्यंत ऐकू जायलंय."

"व्हय, मीठ कमीच हाय," अण्णा तितक्याच मोठ्यानं सांगायचा.

मी वर्तमानपत्राला बातम्या पाठवायचो, म्हणून गुलबर्ग्याला जाणं-येणं होतं. एकदा अक्कानं त्याला माझ्याबरोबर धाडलं. डॉक्टर हैदराबादेत शिकलेले होते. कान तपासून ते त्याच्या कानाशी ओरडून बोलले. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी नळी असते, तिच्यात पाणी असतं. त्या पाण्यात बारीक पेशी असतात आणि त्यांच्या डोक्यावर केसांहून बारीक तंतू. आवाजानं पाणी हललं की तंतू वाकतात. ते वाकले की पेशी मेंदूला खबर देते. सुरुंगाच्या दणक्यांनी तुमच्या पेशी मेल्या आहेत. उरलेल्याही जातील.

"गवत जळालं तरी उगवतंय की वो. हे कामून न्हाई?"

"हे नाही उगवत. काम सोडा."

अण्णा बाहेर आला. "मला दुसरं काय येतंय?" एवढंच म्हणाला. मग माझ्याकडे बोट रोखलं. "बातमीवाले, हे छापायचं न्हाई. कुणाला सांगायचंबी न्हाई. बहिऱ्याला विहिरीत कोण उतरू देतंय?"

मी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर तो चपला काढून मोजायला लागला. "कान गेले तर गेले. तळवे हायेत की," असं मला एकदा म्हणाला. बार उडाल्याचा हादरा जमिनीतून तळव्यांना लागायचा आणि बोट उघडायचं. दोन वर्षं एकही मोजणी चुकली नाही.

त्या दिवशी सात वाती होत्या. वर त्याचा मेव्हणा आणि दोन गडी होते. सहा बार उडाले. मग विहिरीच्या कडेची एक मोठी शिळा सुटून तळाशी आदळली. जमीन हादरली. अण्णानं सातवं बोट उघडलं.

मेव्हण्यानं रीत मोडली. समोर येऊन त्यानं सहा बोटं दाखवली. "दाजी, सहाच झालेत. आज उतरू नगा."

"बत्ती कुणी दिली? तू का मी?"

"तुम्हीच."

"मग मोजायलास कामून? कानात मळ हाय तुझ्या."

गडी हसले. मेव्हणा बाजूला झाला. दाजींना जरा कमी ऐकू येतं, हे त्याला माहीत होतं. किती कमी, हे कुणी सांगितलं नव्हतं.

धूर निवल्यावर अण्णा दोराला धरून उतरला. शिळा हलवायला त्यानं पहार घातली. पहारेचं टोक सातव्या भोकातल्या, न उडालेल्या दारूवर बसलं.

राज्य निजामाचं, म्हणून पंचनामा उर्दूत झाला. त्यात मृत्यूचं कारण सुरुंग असं आहे. मेव्हण्याचा जबाब एका ओळीचा आहे: मी सहा ऐकले होते. विहिरीचं काम त्या दिवशी थांबलं, ते पुन्हा सुरू झालं नाही.