कुत्र्याच्या प्रकृतीस जपणे

मला कुत्रा चावला, त्यात कुत्र्याची काहीच चूक नव्हती, असं माझ्या सासुरवाडीचं एकमुखी मत आहे.

गोष्ट नव्वद-पंच्याण्णवच्या सुमाराची. मी तेव्हा महाडला विमा एजंट होतो. विमा एजंटाचा धंदा म्हणजे काय? समोरच्याला घाबरवायचं. तेही हसतमुखाने! चहा पिता पिता "माणसाचं काही खरं नाही हो" म्हणायचं, आणि यजमानाच्या हातातली बशी थरथरली की फॉर्म पुढे सरकवायचा. या कलेत मी बऱ्यापैकी तरबेज होतो. गावागणिक माझ्याकडे वेगळं मरण तयार असे. शिवथरकडे गेलो की वीज पडल्याचं, महाडच्या बाजारात ट्रकचं आणि पोलादपूरच्या खेड्यांत कुत्र्याचं.

"उमरठला एक माणूस होता. पहिलवान गडी! कुत्र्याचा नुसता दात लागला, त्याने दुर्लक्ष केलं. महिन्याभरात पाणी बघून किंचाळायला लागला. गेला बिचारा. मागे बायको, पोरं... आणि विमा? नाही!"

(हा पहिलवान मी घरी बसून तयार केला होता. उमरठला मी तोवर कधी गेलोही नव्हतो, म्हणून तर ते गाव निवडलं.)

दुसऱ्यांना असा मरणाचा धाक घालणारा मी स्वतः मात्र सुईला घाबरायचो. मरण परवडलं, सुई नको. दाढ ठणकली तर लवंग धरून महिना काढीन, पण दवाखान्याची पायरी चढणार नाही, असा माझा बाणा होता. माझी बायको शोभा याला भित्रेपणा म्हणायची. मी त्याला निसर्गोपचार म्हणत असे.

तर त्या वर्षी भातकापणी उरकल्यावर आम्ही सासुरवाडीला, कापड्याला गेलो. बरोबर आमची चार वर्षांची पिंकी. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, एक कुत्रा पाळला होता. त्याचं नाव गरीब. नाव स्वभावावरून ठेवलेलं. अंगणात कोंबडी अंगावर धावून आली तरी तो उठून तिला जागा द्यायचा. पण माझं विमा एजंटाचं डोकं! पिंकी त्याच्या शेपटीशी खेळताना दिसली आणि माझ्या डोळ्यांपुढे नाही नाही ते उभं राहिलं. मी पोलादपूरच्या बाजारातून चामड्याचा पट्टा आणि साखळी घेऊन आलो.

"आवो जावयबापू, कशाला उगाच?" आबा म्हणाले. "आजवर कोनाला चावला नाय तो."

"आबा, संकट सांगून येत नाही," मी म्हणालो. (हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणत असे.)

मी गरीबाच्या गळ्यात पट्टा बांधला. त्याने मान पुढे करून बांधून घेतला. साखळी अडकवली, पडवीच्या खांबाला गाठ मारली. मग सगळ्या घराकडे वळून, कमरेवर हात ठेवून मी म्हणालो, "आता निर्धास्त राहा!"

आणि गरीब माझ्या पोटरीला चावला.

माझी किंकाळी ऐकून सासूबाई चुलीपुढून धावत आल्या, शोभा विहिरीवरून आली आणि आबा धावले ते थेट कुत्र्याकडे!

"काय झाला रे तुला? भ्यालास काय रे?" त्याच्या पाठीवरून हात फिरवत ते म्हणाले. "जावयबापू, गळा लय आवळलाव तुमी. तो तरी काय करील?"

विजार जरा फाटली होती आणि आत एक लालसर ओरखडा होता. सासूबाई जखमेत भरायला वाटलेली मिरची घेऊन आल्या. मी ती वाटी दूर सारली आणि अर्धी साबणाची वडी संपेपर्यंत पाय धुतला. तेवढ्यात बातमी शेजारी पोचली होती. शेजारचे गणूतात्या काठी टेकत आले आणि पायरीवर बसले. माझ्या पायाकडे पाहून त्यांनी मान हलवली.

"उमरठला असाच एक व्हता," ते म्हणाले. "पैलवान गडी! पानी बघला का वराडायचा."

मी दचकून विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगतोय कोन? मी सोता बघितलाय ना! खांबाला बांधलेला व्हता. कुत्र्यागत भुकत व्हता, कुत्र्यागत!"

आता भुंकण्याचा भाग माझ्या गोष्टीत नव्हता. तो माझ्या डोक्यातून निघालेला माणूस, हे मला पुरतं माहीत होतं. पण तात्यांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं होतं! कुणी सांगावं, मी गोष्ट रचली आणि तिकडे तो खरोखरच असला तर? मनात आलं, जिवंत असता तर जाऊन भेटलो असतो.

"आवाज कसा काढायचा तो?" मी हळूच विचारलं.

तात्यांनी काढून दाखवला. गरीबानेही त्याला उत्तर दिलं.

संध्याकाळी आम्ही महाडला डॉक्टरांकडे. त्यांनी पाय पाहिला, चष्मा काढला. मी डोळे मिटून विचारलं, "किती?"

"चौदा. बेंबीभोवती."

मी खुर्चीवरून घसरलोच. शोभाने मला बखोटीला धरून वर ओढलं. डॉक्टर म्हणाले, "पण विजारीवरून नुसता ओरखडा आहे, कुत्रा घरचा आहे. दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. तो ठणठणीत राहिला तर तुम्ही सुटलात. त्याला काही झालं तर मात्र तसेच उठून इकडे या." (ही तेव्हाची पद्धत. आता असली वाट कुणी बघू नका, चावला की सरळ इंजेक्शन घ्या. आता दंडावर देतात, बेंबीला धक्का नाही.)

परतताना एसटीत शोभा माझ्याकडे सरकली. मग हळूच म्हणाली, "अहो, तुमचा स्वतःचा विमा किती आहे?"

"उतरवायचाय."

"कधी?"

सगळ्या पंचक्रोशीला मी विम्याचं महत्त्व पटवून दिलं होतं, फक्त एकच गिऱ्हाईक सुटलं होतं. खरं सांगतो, त्या वेळी मी मनापासून घाबरलो. पिंकी माझ्या मांडीवर झोपली होती आणि तिच्या केसांवरून हात फिरवताना मी तिच्या शाळेची वर्षं मोजत होतो.

मी महाडचं कामधाम सोडलं आणि कापड्यात मुक्काम ठोकला. कालपर्यंत जो कुत्रा मला धोका वाटत होता, त्याच्या आरोग्यावर आता माझा जीव टांगलेला होता! मी स्वतःच्या हाताने त्याचा पट्टा काढला. त्याच्यासाठी गोधडी घातली. तो शिंकला की मी उठून बसायचो. सकाळी जाग आली की आधी त्याच्या नाकाला हात लावायचो, मग चूळ भरायचो.

"आबा, तुम्ही याला खायला काय घालता?"

"काय घालनार? शिळी भाकरी, भाताची पेज."

"शिळी भाकरी! आबा, माझा जीव शिळ्या भाकरीवर?"

त्या दिवसापासून गरीबाला दूध सुरू झालं. दोन्ही वेळ तांब्याभर. मग अंडी. जावई घरात म्हणून सासूबाईंनी कोंबडा कापला, तर त्यातली तंगडी मी ताटातून उचलून पडवीत नेली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"शोभे," त्या आत जाऊन म्हणाल्या, "तुजा नवरा बरा हाय ना गो? लगनात तुजे तोंडात घास घालायला लाजला व्हता हा!"

तिसऱ्या-चौथ्या दिवशी संकट आलं. गरीबापुढे पाण्याचं भांडं ठेवलं, त्याने तोंड फिरवलं. मी भांडं त्या बाजूला नेलं. त्याने पुन्हा तोंड फिरवलं.

"शोभा! हा पाण्याला घाबरतोय!"

"अहो, तांब्याभर दूध प्यायलाय तो आत्ता. कुठे जागा असेल पाण्याला?"

हे पटलं, पण संध्याकाळी त्याच्या तोंडातून लाळ गळताना दिसली. मी बोंब ठोकली. घर गोळा झालं. आबांनी शांतपणे माझ्या हाताकडे बोट दाखवलं. माझ्या हातात मटणाची वाटी होती.

पण भीती एकदा अंगात शिरली की ती पुरावा मागत नाही. तिला रोज नवं काहीतरी सापडतं. (विमा एजंटाला हे ठाऊक नसेल तर कुणाला?) गरीब झोपला की मला वाटायचं मरगळलाय, उठला की वाटायचं पिसाळलाय. मी स्वतःही घुटक्याघुटक्याने पाणी पिऊन बघत होतो. घशात जरा अडकलं की शोभाला हाक. गणूतात्या रोज सकाळी येऊन विचारायचे, "काय, भुकला काय रातचा?" ते कुत्र्याबद्दल विचारतात की माझ्याबद्दल, हे मी कधी विचारलं नाही.

आणि एके सकाळी गरीबाने खरोखरच अंथरूण धरलं. दूध नाही, अंडं नाही, मटणाचा तुकडा नाकाशी धरला तरी डोळा उघडेना. पोट फुगलेलं, पाय ताठ, तोंडाला फेस. मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझंच मरण गोधडीवर आडवं पडलेलं दिसलं. मला रडू कोसळलं. अगदी मोठ्याने, सासऱ्यांच्या देखत!

वाडीत युसुफभाईंचा टेम्पो भाताची पोती भरत होता. महाडचा भला माणूस, उरलेली पोती तशीच टाकून त्यांनी आम्हाला घेतलं. मागे पोत्यांवर आबा, आबांच्या मांडीवर गरीब, पुढे मी आणि शोभा.

पोलादपूर आलं तसे आबा मागून टपावर थापा मारायला लागले. "थांबवा! हितं गुरांचा डाक्तर हाय! कुत्र्याला दावू आदी!"

"नाही! आधी मी!" मी ओरडलो. "युसुफभाई, गाडी सोडा महाडला!"

युसुफभाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मागे आरशात कुत्र्याकडे पाहिलं. "एजंटसाहेब, दोघांत जास्त आजारी कोण आहे?" त्यांनी विचारलं. पण गाडी सोडली.

महाडला डॉक्टरांनी कुत्र्याचं वर्णन ऐकलं आणि सरळ सुई काढली. ती पाहिल्यावर मी काय काय बोललो ते मला आठवत नाही. शोभाला आठवतं, पण ती चारचौघांत सांगत नाही. मला टेबलावर धरायला युसुफभाई आणि आबा दोघे लागले. बेंबीच्या डावीकडे पहिलं इंजेक्शन घुसलं, तेव्हा माझा आवाज रस्त्यापलीकडे गेला असं म्हणतात. गणूतात्या तिथे असते तर त्यांनी उमरठच्या पहिलवानाला ओळखलं असतं.

मी पोट धरून महाडच्या घरी पडलो. आबा त्याच टेम्पोने गरीबाला घेऊन पोलादपूरला उलटे फिरले. दुसऱ्या दिवशी ते आले, ते हसू दाबत.

"जावयबापू, डाक्तर म्हनला, अजीर्न झालाय. दूध, अंडी, मटान, सगला पोटात कुजला. औशद दिला नि मोकला झाला तो. टेंपोतच झाला. युसुफभाई अजून धुतोय."

"म्हणजे पिसाळलेला नाही?"

"पिसालला नाय, पन मरत व्हता! डाक्तर म्हनला, अजून एक दिस तुमी असाच चारला असतात, तर खलास!"

शोभा देवापुढे साखर ठेवून आली. पुढच्या इंजेक्शनाला गेलो तेव्हा डॉक्टरही म्हणाले, कुत्रा सुधारतोय, दहा दिवस होऊ द्या, मग तुमचं पुढचं थांबवू. एवढं ऐकून मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता की नाही? पण मी टेबलावर उठून बसलो आणि विचारलं, "डॉक्टर, त्या गुरांच्या डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल तर?"

"कुत्रा भाकरी खातोय, शेपूट हलवतोय."

"उमरठलाही असंच झालं होतं," मी म्हणालो.

"उमरठला काय झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं, भुंकण्यासकट. सांगताना मला स्वतःला हुडहुडी भरली. आणि जन्मभर सुईला भ्यालेल्या मी, कुत्रा ठणठणीत असताना, डॉक्टर नको नको म्हणत असताना, हट्टाने चौदाच्या चौदा इंजेक्शनं घेतली! चौदावं झाल्यावर डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला, आणि मी सांगितलेल्या त्या बिचाऱ्या पहिलवानाची आठवण काढून माझ्याकडूनच स्वतःचा विमा उतरवून घेतला.

पुढच्या खेपेला कापड्याला गेलो, तर गरीब अंगणात ऊन खात होता. मला पाहताच तो उठला, शेपूट पायात घातली आणि पडवीत आबांच्या मागे जाऊन लपला. आबांनी त्याला उचलून आत नेलं आणि दाराला कडी घातली.

"राग मानू नका, जावयबापू," ते म्हणाले. "डाक्तरनी पथ्य सांगितलाय तेला."

तेव्हापासून मी येणार असलो की तिथे आधी कुत्र्याला आत घेतात. दारावर 'जावयापासून सावध' अशी पाटी मात्र अजून लावलेली नाही. सासुरवाडीने राखलेला मान म्हणतात तो हाच.