महानंदाअक्काचे गव्हले

माझी थोरली नणंद महानंदाअक्का बसवकल्याणला दिलेली. तिच्या हातचे गव्हले उमरग्यापर्यंत नावाजलेले. रव्याचं पीठ दुधात भिजवायचं आणि अंगठा व पहिलं बोट यांच्या चिमटीत तांदळाच्या दाण्याएवढं वळायचं, दोन्ही टोकांना निमुळतं. लग्नघरी खिरीसाठी सवाष्णी गव्हले वळायला बसल्या की मधल्या पाटावर अक्का. स्वतःचं काम करता करता ती बाकीच्यांचा उद्धार करायची. मी लग्न होऊन भालकीला आले तेव्हा एका लग्नघरी माझं सूप सगळ्यांसमोर हलवून तिनं विचारलं होतं, "बी.ए.च्या वर्गात उंदराच्या लेंड्या वळायला शिकविल्या का काय?" त्या लग्नातली खीर आज कुणाला आठवत नाही, हे वाक्य आठवतं.

एवढ्या एका चिमटीवर बाईनं आयुष्य काढलं. तिला दुसरं काही येतं असं मला कधी दिसलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला काही येतं असं तिला.

मग तिच्या हाताला मुंग्या यायला लागल्या. रात्री उठून हात झटकत बसायची. गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मनगटात शीर दाबली जातेय, मोकळी करावी लागेल. उशीर केलात तर अंगठ्याचं मांस झिजत जाईल. घरी येऊन अक्कानं निकाल दिला, "त्याला दवाखान्यावर दुसरा मजला चढवायचाय, माझ्या हातावर." पुढची चार वर्षं काळा दोरा, तापल्या विटेचा शेक आणि औरादकडच्या कुणा बाईकडून तेल लावून चोळून घेणं. हात बधीर होणं हा काम नसलेल्या बायकांचा रोग आहे, असं ती बधीर हात झटकत झटकतच सांगायची.

गेल्या वर्षी झोप पार उडाली तेव्हा एकदाचं ऑपरेशन करून घेतलं. मी बरोबर होते. आत नेण्याआधी डॉक्टरांनी तिचा तळहात माझ्यापुढे धरला. अंगठ्याच्या बुडाशी आपल्या सगळ्यांना मांसाचा उंचवटा असतो. तिच्या हातावर तिथं खळगा होता. मुंग्या जातील, झोप येईल, ते म्हणाले, पण गेलेलं मांस परत येईल असं मी म्हणणार नाही. अक्कानं मान डोलावली.

मुंग्या गेल्या. झोप आली, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशी घोरते. यातलं अक्षरही तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की डॉक्टरनं चांगला अंगठा खाल्ला.

आता तिच्या ब्लाउजचे हुक सून लावते, आणि दोष आजकालच्या हुकांचा. किल्ली फिरत नाही, तर कुलूप गंजलेलं. भाकरी थापता येते, पण काठ चिमटीत धरून उलटता येत नाही, म्हणून यंदाची ज्वारीच वाईट. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते आणि चहाला नावं ठेवते. बसमध्ये, देवळात, हळदीकुंकवाला तळहात उघडून बसते. पूर्वी बायका तिचे गव्हले बघायला यायच्या, आता खळगा बघतात. तिला बघणारं कुणीतरी लागतं, मग बघायला काहीही असो.

बसू दे म्हणून मी सोडून दिलं असतं. पण माझी लेक अंजू आता रात्री उठून हात झटकते.

अंजू आमच्या जिल्ह्यातल्याच कोळारच्या कारखान्यात बाटल्यांची बुचं पिळायच्या कामाला जाते. तेच डॉक्टर, तेच सांगणं, आणि मंगळवारची तारीख मिळालेली. तिचा उंचवटा अजून शाबूत आहे. ती झोपली की मी अंगठ्याच्या बुडाशी हळूच दाबून बघते.

गेल्या आठवड्यात गल्लीतल्या एका लग्नाचे गव्हले आमच्या पडवीत वळायचे ठरले आणि अक्का आपल्या सुनेला, भाग्यलक्ष्मीला, घेऊन आदल्या दिवशीच उतरली. आल्या आल्या तिनं अंजूला समोर बसवून तळहात उघडला.

"हे बघ. तू मनगट कापून कामून घ्यायलीस? मी चांगला हात घिऊन आत गेलते. तुझ्या आईचं काय, शिकल्याली हाय, तिला डागदरच देव."

डॉक्टर तेव्हा काय म्हणाले होते ते मी पुन्हा सांगितलं. अक्का म्हणाली, असलं कुणी काही बोललंच नव्हतं. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं, तिच्याकडे खळगा होता. अंजू त्याच्याकडेच बघत राहिली. जेवताना म्हणाली, एवढ्यात नको जाऊया.

दुसऱ्या दिवशी बायका जमल्या. अक्का मधल्या पाटावर, हात मांडीवर ठेवून. तिच्या मुलीचं, रूपाचं, लग्न ऑपरेशनच्या आदल्या वर्षी झालं. त्या रुखवतातले परातभर गव्हले आपण एकटीनं कसे वळले, ते ती सांगत होती.

"ह्याच अंगठ्यानं. आन् आता बघा, काय करून ठिवलंय."

अंजू माझ्या कानाशी म्हणाली, दवाखान्यात फोन करून नाही म्हणून सांग.

भाग्यलक्ष्मी सासूसमोर कधी बोलत नाही. 'व्हय' याच्या पुढचा तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता. वळता वळता, मान वर न करता ती म्हणाली, "अंजू, रूपावन्संच्या रुखवतातले गव्हले मी केलते. माडीवर बसून, दार लावून. आत्याबाईला तवाच चिमटीत काय धरायला येत न्हवतं."

सगळ्यांचे हात थांबले. अक्काच्या चेहऱ्यावर थोडी तरी लाज येईल म्हणून मी बघत होते. आली नाही.

"पीठच सैल भिजवलंय हिनं," ती म्हणाली, आणि सुनेची चूक सगळ्यांना दाखवायला तिच्या सुपातला एक गव्हला उचलायला गेली. अंगठा बोटासमोर आलाच नाही, बाजूनं नुसता घासला. मग तिनं तो दाणा बोटानं ढकलत सुपाच्या काठापर्यंत नेला आणि पुन्हा धरायला गेली. तो खाली पडला.

"बघा, किती सैल हाय," ती म्हणाली.

अंजूनं तो दाणा चिमटीत उचलला आणि फिरवून बघितला. चांगला घट्ट होता. तिनं तो सुपात टाकला.

"आई, मंगळवारी कुठल्या गाडीनं जायचं?"

"सकाळच्या पहिल्या," मी म्हटलं.

लग्नाला न थांबता अक्का सुनेला घेऊन परत गेली. तेव्हापासून ती भाग्यलक्ष्मीशी बोलत नाही, असं कळलं. हुक मात्र तिच्याकडूनच लावून घेते.