कोपऱ्यात न कापलेलं धान

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. हळदीच्या पाण्यात चुना टाकून 'रक्त' काढायचा प्रयोग दरवर्षी सातवीच्या मुलांना करून दाखवते आणि सांगते — बुवा लोक हेच करतात, घाबरायचं नाही. करणी, अंगात येणं, लिंबू-मिरची... यातल्या कशावरच माझा विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं म्हणायला मन धजत नाही. या सदरातले अनुभव मी वाचते आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसते. पण २०१० साली माझ्या घरात जे झालं त्यावर मला हसू येत नाही. बाकीच्यांची नावं बदलली आहेत. माझं बदललेलं नाही, कारण यात सगळ्यात वाईट मीच वागले.

आमचं गाव बिरसीच्या विमानतळाच्या अलीकडे. दिवसभर डोक्यावर शिकाऊ विमानं गोल गोल फिरतात, खाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं. घरी सासूबाई, माझे मिस्टर (ते गोंदियाला राईस मिलमध्ये सुपरवायझर), मी, माझा दीर आणि त्याची बायको श्वेता.

२००६ मध्ये सातव्या महिन्यात माझं बाळ गेलं. त्या दिवशी मी तलावाच्या पाळीवर बसून शिंगाडे खात होते, तिथेच कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की यात कोणाचा दोष नाही. सासूबाईंनी मात्र गावभर सांगितलं की हिनं तलावावर जाऊन पोट खाली केलं. पुढची चार वर्षं कोणाकडे बारसं असलं की चाळीस बायांसमोर त्या मोठ्यानं म्हणत, "सुमन, तू मागं बस वं. तुयी सावली लेकरावर नोको पडू देऊ." आणि शेजारच्या घरचं त्याच वयाचं लेकरू अंगणात आलं की माझ्याकडे बघून हसत — आपलाही आता येवढाच असता, नाही का? हे रोज. मिस्टर म्हणायचे, आईचा स्वभावच तसा आहे, तू मनावर घेऊ नको. आणि जेवायचे.

श्वेता २००९ मध्ये लग्न होऊन आली. नागपूरची, पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी केलेली. तिच्या बॅगेत प्रिंटआउटचा एक गठ्ठा होता. पुण्यात असताना इंटरनेटवर ती एका ग्रुपमध्ये होती. परदेशातल्या बाया, स्वतःला अभिमानानं चेटकिणी म्हणवणाऱ्या. मला आधी गंमतच वाटली. पण श्वेता ते फार मनापासून करायची. भूत-प्रेत, बळी असलं काही त्यात नव्हतं. ऋतू ओळखायचा, झाडं ओळखायची, मनातली गोष्ट एखाद्या वस्तूत बांधायची... असं काहीतरी.

आमच्याकडे आल्यावर तिनं ते सगळं बदलायला घेतलं. त्या बायांच्या वर्षात बर्फ होता, ओकची झाडं होती. "ताई, मी इथे बर्फाचा सण कसा करू? त्यांची मेलेली माणसं ऑक्टोबरच्या शेवटी येतात. आपली तर पितृपक्षातच येऊन जातात," ती म्हणायची. मग तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागे एक गोल काढला आणि त्यावर आमचं वर्ष मांडलं. मोहाची फुलं गळायला लागतात तो दिवस. पऱ्हे (भाताची रोपं) टाकायचा दिवस. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, संपते तो. पितृपक्ष. कापणी. मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांचे दिवस. मजूर बायांना विचारून विचारून तिनं ते पक्कं केलं. माझ्याहून जास्त तिला आमचं शिवार कळायला लागलं होतं.

प्रत्येकाची आपली एक खूण असते, असं ती सांगायची. तिची टिटवी. माझी काय, असं तिनं विचारलं तेव्हा मी विचार न करता म्हटलं, शिंगाडा. तिला कारण माहीत नव्हतं. मी सांगितलं, तर ती रडली. माझ्यासाठी त्या घरात कोणी पहिल्यांदा रडलं.

२०१० च्या पावसाळ्यात आमच्याच घरी चुलत नणंदेची ओटी भरायची होती. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात पाठवून बाहेरून कडी लावली. सगळ्या बाया जाईपर्यंत मी आत होते. श्वेतानं कडी काढली तेव्हा मी तिला म्हटलं, तुझ्या त्या कागदांमध्ये हिचं तोंड बंद करायचं काही आहे का?

ती नाही म्हणाली. कोणाला इजा करायची नाही हा तिचा नियम होता. मी आठ दिवस तिच्या मागे लागले. शेवटी ती म्हणाली की बंधन घालता येतं, पण त्याला मुदत पाहिजे, आणि सुटायचा दिवस आधीच ठरवायला पाहिजे. रोवणीच्या शेवटच्या दिवशी बांधायचं, कापणीला सोडायचं. धान उभं तोवर बंधन, कापलं की सुटलं.

रोवणी संपली त्या दुपारी आम्ही दोघी विहिरीजवळच्या बांधीत गेलो. श्वेतानं पऱ्ह्यांची एक जुडी घेतली. मी सासूबाईंच्या लुगड्याच्या काठाचा दोरा आणला होता. जुडीत एक वाळलेला, काळा शिंगाडा घालून तिनं दोऱ्याच्या तीन गाठी मारल्या आणि मला म्हणाली, "तुम्हीच रोवा. पण मनात राग नका ठेवू, फक्त शांतता मागा." मी चिखलात हात घालून कोपऱ्यात ती जुडी रोवली. शांतता मागितली नाही. काय मागितलं ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चहा घेताना काहीतरी बोलायला गेल्या आणि आवाज निघाला नाही.

गोंदियाला दाखवलं, मग नागपूरला नेलं. सीटी स्कॅन झाला, घशात दुर्बीण घातली. झटका नाही, गाठ नाही, स्वरयंत्र ठणठणीत. खोकायच्या तेव्हा आवाज यायचा, रडायच्या तेव्हाही यायचा. शब्द तेवढा एकही नाही. डॉक्टर म्हणाले, मानसिक धक्का असेल, येईल वाचा. मीही स्वतःला तेच समजावलं. सायन्स टीचर ना मी...

श्वेता मात्र घाबरली. तिला वाटलं होतं, सासूबाई जरा नरमतील, इतकंच. चल, काढून टाकू, असं ती मला रोज म्हणायची. मी म्हणायचे, मुदत ठरली आहे ना, कापणीपर्यंत थांब.

खरं म्हणजे मला ते आवडायला लागलं होतं.

शाळेतून आले की मी सासूबाईंसमोर बसायचे आणि त्यांचीच वाक्यं त्यांना ऐकवायचे. चार वर्षांतली सगळी, त्यांच्याच आवाजात. मागं बस वं... सावली नोको पडू देऊ... त्या मान फिरवायच्या, तर मी त्या बाजूला जाऊन बसायचे. ताट वाढलं की विचारायचे, भाजीत मीठ बरोबर आहे का? मग वाट बघायचे. उत्तर आलं नाही की म्हणायचे, आवडली नाही वाटतं, आणि ताट उचलायचे. मिस्टर घरी असले की मी सासूबाईंना हातानं भरवायचे. ते म्हणायचे, सुमन, तुझ्यासारखी सून मिळायला भाग्य लागतं.

सासूबाई मला भ्यायला लागल्या. माझी चप्पल वाजली की पदर सावरून भिंतीला टेकायच्या. ते बघून मला वाईट वाटलं, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल.

दिवाळीला श्वेता माहेरी गेली. कापणीच्या वेळी मी एकटीच होते. बाया विहिरीजवळच्या बांधीत आल्या तेव्हा मी सांगितलं, हा कोपरा राहू द्या. एक मजूर बाई म्हणाली, "काऊन जी? चार दाने त हायेत. कायले सोडता?" मी म्हटलं, नवस आहे. गुरं सुटतील, खातील म्हणून मी भोवती बोरीच्या काट्या रोवल्या. रान रिकामं झालं आणि कोपऱ्यात तेवढा एक झुबका उभा राहिला.

श्वेतानं फोनवरच विचारलं, कापलं ना? मी म्हटलं, कापलं.

"मग आईंचा आवाज आला?"

"नाही," मी म्हटलं. "तुझ्या हातून काहीतरी चुकलं असेल."

ती परत आली ती अर्धी होऊन. तिनं ते प्रिंटआउट, तो कॅलेंडरचा गोल, सगळं चुलीत घातलं. पण तोवर गावात कुजबुज सुरू झाली होती. शहराची पोरगी झाडपाला गोळा करून राहते, बांधीत जाऊन पुटपुटते... सासूवर तिनंच काहीतरी केलं. एक दिवस नळावर बायांनी तिचा हंडा उपडा केला आणि तिला पाणी भरू दिलं नाही. मी तिथेच होते. माझा हंडा भरून घेऊन मी घरी आले. पंधरा दिवसांत दीर तिला घेऊन रायपूरला निघून गेला. जाताना ती माझ्या पाया पडली. म्हणाली, "ताई, माझ्यामुळे तुम्हाला आईंचं सगळं करावं लागतंय. माफ करा." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

जानेवारीत एका रविवारी, अकराच्या सुमाराला, सासूबाई घरात दिसेनात. त्या कधी एकट्या बाहेर पडत नसत. शेजारचे एक काका सायकलवरून आले. म्हणाले, आजी तिकडे विहिरीजवळ बसून राहिली आहे.

मी धावत गेले. सासूबाई कोपऱ्यात त्या झुबक्यासमोर बसलेल्या होत्या. अनवाणी आल्या होत्या. कापलेल्या धानाची खुंटं टोचून तळवे फाटले होते. काट्या उपसायचा प्रयत्न केलेला, हातांतून रक्त येत होतं. एक हात आत घालून त्या झुबक्याकडे नेत होत्या, पण पोचत नव्हता. त्यांना कोणीही काही सांगितलेलं नव्हतं. श्वेता आणि मी सोडून कोणाला माहीतच नव्हतं. मग त्यांना कसं कळलं?

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात जोडले. मी तुम्हाला खरं सांगते, मी नुसतं वाकून तो झुबका उपटला असता तरी झालं असतं. एका हाताचं काम. मी त्यांचा दंड धरला, त्यांना उठवलं आणि त्याच खुंटांवरून चालवत घरी आणलं.

पाय पिकले, ताप चढला. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटचे दोन दिवस त्यांचे ओठ सारखे हलत होते. मिस्टर कान लावून बसायचे, काहीच ऐकू यायचं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या.

तेरावं झाल्यावर मी विळा घेऊन बांधीत गेले. का गेले ते सांगता येत नाही. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही. तिथे जायची भीती वाटत होती आणि तो झुबका तिथे उभा आहे याचीही. दुपारचे साडेबारा वाजले असतील. वरून एक विमान गेलं, त्याचा आवाज विरला आणि मी झुबका बुंध्यातून कापला. खाली माती उकरली. दोरा आणि शिंगाडा निघाला, विहिरीत टाकला. घरी यायला मला अर्धा तास लागला असेल.

मिस्टर पडवीत खांबाला टेकून बसले होते. चेहरा पांढरा. समोरच्या खोलीचं — सासूबाईंच्या खोलीचं — दार सताड उघडं. मी विचारलं, काय झालं? त्यांनी हात करून ती खोली दाखवली. मग म्हणाले, "आई बोलत होती."

मी म्हटलं, भास झाला असेल. दुःखात होतो असा.

"भास नाही. आत बसून बोलत होती. वीस-पंचवीस मिनिटं. ऑगस्टपासूनचं सगळं सांगितलं तिनं मला."

मी विचारलं, काय सांगितलं?

ते उठले, खुंटीवरचा शर्ट घातला आणि बाहेर निघून गेले.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं पाणी घेतलेलं नाही. स्वतःचा भात स्वतः शिजवतात. मला सोडलं नाही, मारलं नाही, कोणाला एका शब्दानं सांगितलं नाही. भावाला मात्र त्यांनी फोन करून एवढंच सांगितलं की श्वेताचा यात काही दोष नव्हता. पुढे श्वेताचा मला एक मेल आला, त्यात एकच ओळ होती — तुम्ही खोटं का बोललात, ताई? म्हणजे तिलाही कळलं. कोणाकडून, किती, मला माहीत नाही. 

मानसिक धक्क्यानं वाचा जाते, हे पुस्तकात आहे. म्हाताऱ्या माणसाचं पाय पिकून मरण, यातही अमानवीय काही नाही. मुलाला मेलेल्या आईचा आवाज ऐकू येणं हेसुद्धा डॉक्टर समजावून सांगतील. पण सासूबाई त्या कोपऱ्यापर्यंत कशा पोचल्या, आणि मी सासूबाईंच्या जेवणाच्या ताटांशी काय करायचे हे माझ्या नवऱ्याला कोणी सांगितलं... याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

ताटांचं त्यांना माहीत आहे, हे मला कसं कळलं ते सांगते आणि थांबते. मागच्या वर्षी मला टायफॉइड झाला. आठ दिवस मी खाटेवर होते, उठताही येत नव्हतं. मिस्टरांनी रोज दोन्ही वेळ माझ्यासाठी वरण-भात केला. ताट माझ्यासमोर ठेवायचे, समोर बसायचे आणि अगदी मऊ आवाजात विचारायचे, "मीठ बरोबर आहे का?"

तापानं माझा घसा बसला होता. ते थोडा वेळ वाट बघायचे. मग ताट उचलायचे.