बावन्न कुलपं आणि एक अर्जदार

दसरा झाला की आमच्याकडं कुणी असं म्हणत नाही की अमका ऊसतोडीला गेला. म्हणतात, गाव गेलं. मजूर नेणाऱ्या मुकादमाचे ट्रक येतात, त्यात भांडी, गोधड्या, शेळ्या, लेकरं चढतात आणि वर कोयते. खालच्या मुलखात सहकारी साखर कारखाने पेटले की इकडं आमच्या चुली विझतात. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या दुष्काळात तर विहिरीत घागर बुडेना, तेव्हा एरवी मागं राहणारेही गेले. बावन्न घरांना कुलपं लागली. त्यात आमचंही एक होतं.

‘गाव गेलं’ हे बोलणं मला पूर्वी गोड वाटायचं. आता ऐकलं की डोकं फिरतं.

शहादेवतात्या आमच्याच आळीतले. तरुणपणी त्यांच्यासारखा तोडकरी टोळीत नव्हता. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्यात एक कोयता म्हणतात. तात्या आणि मुक्ताकाकू हा कोयता मुकादम सगळ्यांआधी ठरवायचा. मग एका हंगामात उसानं भरलेली बैलगाडी उतारावर कलली आणि चाक तात्यांच्या उजव्या पायावरून गेलं. गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. पुढच्या वर्षापासून मुक्ताकाकू तलवाड्याच्या भावाच्या, बन्सीच्या, टोळीत अर्धा कोयता म्हणून जायला लागल्या. तात्या मागं राहिले.

गावाला आयता राखणदार मिळाला. जाताना जो तो किल्ली त्यांच्याकडं द्यायचा आणि किल्लीबरोबर एक काम. बंद घरात सहा महिने अंधार बरा नव्हे, म्हणून दर अमावस्येला प्रत्येकाच्या भिंतीतल्या देवळीत दिवा लावायचा. तात्या त्या दिवशी तांबडं फुटायच्या आत स्वतःच्या दाराला कुलूप घालून निघायचे. कुबडी टेकत एकेक घर उघडायचे, केर काढायचे, थेंबभर तेलाचा दिवा लावायचे आणि तो शांत होईपर्यंत तिथंच बसायचे. घराला आग लागू नये म्हणून बसतो, असं ते सांगायचे. खरं कारण मला फार पुढं कळलं.

“तुज्या बापाशी बोलत बसायचो,” ते मला म्हणाले. “लई निवांत ऐकून घ्यायचा. एरवी समोर असला की मला बोलू देतो व्हय?”

मी हसलो.

त्या दुष्काळाच्या वर्षी श्रावणात तात्यांनी निराधारच्या पगाराचा अर्ज केला. गावात त्या सरकारी मदतीला पगारच म्हणतात. बीडला तीन खेपा घालून अपंगत्वाचा दाखला आणला होता. मुक्ताकाकूंनी ट्रकमध्ये चढता चढता सगळ्यांदेखत सांगितलं, “पगार सुरू झाला की फुडल्या दसऱ्याला म्या न्हाई जात. हितंच ऱ्हानार.” काकू कमी बोलायच्या, त्यामुळं त्यांचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. तात्यांनी ते वाक्य मनात जपून ठेवलं.

मग सुरू झाली अर्जाची चौकशी. एकाआड एक बाजाराच्या दिवशी तात्या फाट्यापर्यंत दोन कोस कुबडीवर जायचे आणि एसटीनं तालुक्याची कचेरी गाठायचे. बावन्न किल्ल्यांचा जुडगा सुतळीत ओवून कमरेला. सारजाबाई म्हणून एक ऐंशीची म्हातारी गावात उरली होती, पण तिला ऐकू येत नव्हतं, विसरायचीही फार. तिच्याकडं किल्ल्या कोण ठेवणार? ती तात्यांनाही ‘लेका’ म्हणायची आणि कुत्र्यालाही ‘लेका’च म्हणायची.

कचेरीतला कारकून वाईट नव्हता, फक्त मान वर करत नव्हता. एकदा म्हणाला, फाईल वर गेलीय. मग म्हणाला, खाली आलीय. मग कमिटीची बैठक व्हायचीय. तात्या म्हणायचे, “माजी फाईल माज्यापेक्षा जास्ती चालत होती. तिला दोन्ही पाय हायत ना.” लवकर काम झालं तरी परतीची एसटी संध्याकाळची, म्हणून ते कचेरीच्या ओट्यावर बसून राहायचे. बाजारात ओळखीचं कुणी भेटेल म्हणून बघायचे. कुणी भेटायचं नाही. ओळखीचे सगळे उसाच्या फडात होते.

पौषात, सहाव्या की सातव्या खेपेला, कारकुनानं कागद काढला आणि वाचला. नामंजूर. स्थळपाहणीच्या वेळी अर्जदाराच्या घरास कुलूप. अर्जदार ऊसतोडीस गेला असल्याचे समजते. सबब काम करण्यास सक्षम.

तात्यांना आधी हसू आलं. “साहेब, कोन्त्या पायानं गेलतो, ते बी लिवलंय का त्यात?”

“मला काय विचारता? तलाठ्याचा अहवाल आहे. तुम्ही गावातच होता असं सांगणारे दोन गाववाले पंच आणा, मग बघू.”

“गाववाले कुठून आनू? गाव गेलंय की.”

हे तोंडातून निघालं आणि तात्यांच्या लक्षात सगळा घोळ आला. ते स्वतःही तेच बोलत होते. तलाठी आला तो मार्गशीर्षातल्या अमावस्येला. तात्यांच्या दाराला कुलूप दिसलं, म्हणून तो सोसायटीचे चेअरमन राधाकिशनराव यांच्या गावाबाहेरच्या मळ्यात चौकशीला गेला. शहादेव कुठाय म्हणून विचारलं. राधाकिशनरावांनी चहाचा कप पुढं करत सांगितलं, “गाव गेलं की तोडीला, कोन बी न्हाई.” खोटं बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं. आमच्याकडं तसंच म्हणतात. त्यात मागं राहिलेल्या माणसाला कुणी मोजत नाही.

आणि तात्या त्या वेळी कुठं होते? आमच्या घरात. आमच्या देवळीतला दिवा शांत व्हायची वाट बघत. हे कळल्यावर दोन दिवस मला भाकर गोड लागली नाही.

तर कारकुनासमोर तात्यांनी कमरेची सुतळी सोडली आणि जुडगा टेबलावर ठेवला. खळ्ळकन आवाज झाला तेव्हा कारकुनानं पहिल्यांदा मान वर केली.

“हे काय?”

“ह्ये गाव हाय, साहेब. ह्यो म्हाळूचा वाडा, ही ज्ञानोबाची खोली, ही छबुबाईची. बावन्न हायत, मोजा. जे गेले त्यांच्या किल्ल्या माज्याकडं हायत. मी गेलतो तर ह्या कुनाकडं?”

कारकुनानं दोन-चार किल्ल्या बोटानं सरकवून बघितल्या. मग त्यानं त्याच कागदावर लाल शाईनं लिहिलं, फेरचौकशी. “येत्या महिन्यात तलाठी येईल. दिवस कळवतो. त्या दिवशी दार सोडू नका.”

पोस्टकार्ड आलं. दिवस नेमका माघातल्या अमावस्येचा.

तात्या रात्रभर विचार करत होते म्हणे. एकीकडं पगार, म्हणजे मुक्ताकाकू. दुसरीकडं बावन्न देवळ्या. मला विचाराल तर यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं, पण ज्याच्या हातात लोक घर सोपवून जातात त्याला तसं वाटत नाही. शेवटी सकाळी त्यांनी आपल्या दाराचं कुलूप काढून आत कोनाड्यात ठेवलं, धुतलेलं धोतर नेसलं आणि उंबऱ्यावर बसले. पाणी प्यायलाही आत गेले नाहीत. आळीत पाचोळा फिरत होता. दुपारी सारजाबाई काठी टेकत येऊन पायरीवर बसली, कशासाठी बसायचं ते तिला कळलं नव्हतं तरी.

गुढीपाडव्याला आम्ही परत आलो तेव्हा तात्यांनी किल्ली देताना माझ्या आईला सांगितलं, “वहिनी, माघात तुमचा दिवा चुकला. माफी करा.” आईनं त्यांच्या हातातली किल्ली घेतलीच नाही. पदर डोळ्याला लावून आधी त्यांना जेवायला बसवलं.

पगार मंजूर झाला. पुढल्या दसऱ्याला ट्रक आले तेव्हा मुक्ताकाकू दारात उभ्या राहून आम्हाला हात करत होत्या. पण मी तिथं नव्हतो तरी माझ्या डोळ्यांपुढं तात्या उभे राहतात ते त्या माघातल्या दुपारचे.

तलाठी उन्हं कलल्यावर आला. बरोबर राधाकिशनराव होते, मान खाली घातलेले. “बोलन्याच्या भरात तोंडातनं गेलं रे,” एवढंच म्हणाले आणि पंच म्हणून सही केली. सारजाबाईचा अंगठा घेतला. तलाठ्यानं मांडीवर वही धरून मजकूर लिहिला आणि नियमाप्रमाणं मोठ्यानं वाचला: “अर्जदार शहादेव म्हातारबा हा समक्ष पाहणीच्या वेळी गावात, आपल्या राहत्या घरी हजर आहे.”

“पुन्यांदा वाचा,” तात्या म्हणाले.

“कावून? नाव चुकलं का?”

“न्हाई, नाव बरोबर हाय. चार म्हैने झाले, ते कुनी घेतलं न्हाई. वाचा.”

तलाठ्यानं पुन्हा वाचलं, या वेळी जरा सावकाश.