कामगार दिनाला चालू ठेवलेला फोन

जर्मनीत एक मे रोजी सगळं बंद असतं. आपल्या उज्जैनच्या फ्रीगंज बाजारात अर्धं शटर वर करून माल देतात तसलं बंद नाही, खरंखुरं बंद. कामगारांची सुट्टी. ऑफिसातली मंडळी हातगाडीत बियरच्या बाटल्या घालून जंगलात फिरायला निघाली होती, मलाही बोलावलं होतं. मी नाही म्हटलं. उज्जैनला माझी अडीच वर्षांची मुलगी होती आणि मला आख्खा दिवस तिच्यासोबत घालवायचा होता, फोनवर का होईना.

नोकरी लागली तेव्हा ठरलं होतं की मी आधी जाऊन बस्तान बसवायचं आणि जूनमध्ये येऊन तिला घेऊन जायचं. तोवर ती माधव नगरला माझ्या आईकडे. नवरा रोज इंदूरला अप-डाऊन करतो, संध्याकाळी घरी येतो तो नुसता पडायला. सगळं अगदी व्यवस्थित ठरलं होतं. फक्त मुलगी माझ्याकडे बघायला तयार नव्हती. स्क्रीनवर मी दिसले की आजीच्या पदरात तोंड. जूनमध्ये मी दारात उभी राहिले आणि तिने असंच तोंड फिरवलं तर तिला उचलून विमानात कशी बसवू, या विचाराने मला घास गोड लागत नव्हता.

चूक आमचीच होती, आणि ती आपल्याच घरांत होते. फोन लागला की आई तिला पुढे ढकलायची. ‘आईला नमस्ते कर. कविता म्हणून दाखव. नाक कुठंय तुझं?’ मीही इकडून शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी सुरू व्हायचे, काय खाल्लंस, पोहे खाल्ले का, कोणी भरवले. पोर पळणार नाही तर काय करेल?

सुट्टीच्या दिवशीही तेच झालं. ती पलंगाखाली जाऊन बसली. मग माझं डोकं फिरलं आणि मी आईवर घसरले.

‘तू तिला माझ्याबद्दल काही सांगतेस तरी का?’

‘रोज सांगते,’ आई म्हणाली. ‘आता बस कर जरा. पोरीचा पिच्छा सोड. मला कूलरमध्ये पाणी भरायचंय.’

आणि फोन टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून ती निघून गेली. एरवी मी फणकाऱ्यानं फोन कापला असता आणि ऑफिसची वाट धरली असती. त्या दिवशी जायचं कुठे? फोन तसाच राहू दिला आणि बटाटे सोलायला घेतले.

त्या टेबलावरून मला फक्त पंखा आणि भिंतीचा एक तुकडा दिसत होता. पण ऐकू सगळं येत होतं. कूलरची घरघर सुरू झाली. गल्लीत भाजीवाल्याने कैरी-पुदिन्याची आरोळी दिली. मुलगी पलंगाखालून बाहेर आली आणि बाहुलीला दटावू लागली, ‘चलो, नहा लो. नाही म्हणायचं नाही.’ जेवताना ती गुणगुणते, हे मला आतापर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं. वरण सांडल्यावर ती चक्क ‘अरे यार’ म्हणाली. मला हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ वाईटही वाटलं.

जेवणं झाल्यावर आई लवंडली. थोड्या वेळाने खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि स्क्रीनभर माझ्या मुलीचं नाक दिसलं. माझ्या जिभेवर दहा प्रश्न आले होते. एकही विचारला नाही. खाली मान घालून सोलत राहिले.

‘तू काय करते?’ तिने विचारलं.

‘बटाटे सोलतेय.’

‘दाखव.’

दाखवला. तिने नीट निरखून बघितला, पास केला. मग फोन दोन्ही हातांनी उचलून ती खाली उतरली. छत, पडदा, तिचे पाय, सगळं गरगर फिरलं आणि सतरंजीवर झोपलेली माझी आई दिसली.

‘आजी निनी करते. तू पण कर.’

तिने मला आजीशेजारी आडवं ठेवलं आणि वरून काहीतरी पांघरूण घातलं, बहुधा तिचं दुपटं. स्क्रीन काळी झाली. त्या अंधारातून छोट्या हाताचं थोपटणं ऐकू येऊ लागलं, धप, धप, जरा जोरातच.

‘झोप आई,’ ती म्हणाली. ‘मी इथेच आहे.’

तिला कोणी म्हणायला सांगितलं नव्हतं. इथे सकाळ होती, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. मी सुरी बाजूला ठेवली आणि तोंडावर हात दाबून रडले. आवाज होऊ दिला नाही, नाहीतर झोपत नाही म्हणून तिने मला रागे भरलं असतं.