आधी खोट, मग लिंक

"आधी खोट सांगते, मग लिंक टाकते," असं ती म्हणायची. म्हणताना उजव्या हाताचा अंगठा ओढणीला पुसायची, कारण तो नेहमी कणकेचा नाहीतर हळदीचा असायचा, आणि मगच फोनला लावायची. देवाला हात लावण्याआधीसुद्धा ती इतका स्वच्छ करत नसेल.

मला ती आवडत नव्हती. ती गेल्यावर गोड बोलावं असा माझा स्वभाव नाही, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं भांड्यांचं दुकान आहे. शिक्षण चौथीपर्यंत. आमचे मालक लूमवर कामाला होते तेव्हा मी हे दुकान सुरू केलं आणि ते घरी बसले तरी चालूच ठेवलं. गल्लीत कुणाला कुकर घ्यायचा असो, मुलीच्या लग्नात द्यायला पातेली घ्यायची असोत, बाई आधी माझ्या पायरीवर येऊन बसायची. माझ्याकडून घेवो न घेवो, विचारायची मला. मी भांडं हातात घेऊन सांगायची की हे टिकेल, हे टिकणार नाही. लालबागेतल्या मोठ्या दुकानात गेलेल्या बायकासुद्धा परत येताना पिशवी उघडून मला दाखवायच्या. मी नाक मुरडलं की त्यांचा दिवस खराब व्हायचा. हे मला फार आवडायचं.

मग ही समोरच्या घरात भाड्यानं राहायला आली. नवरा जिनिंगमध्ये हिशेबनीस, सासू नाही, हाताशी वेळ. मराठीत सुरू करायची आणि हिंदीत संपवायची. "काकू, तुमच्याकडे गाळणी आहे का, बारीक जाळीवाली चाहिए थी." पहिल्या दिवशी मी तिला गाळणी विकली आणि म्हटलं, चला, एक गिऱ्हाईक वाढलं.

महिन्याभरात कळलं की हिचा विचार वेगळाच होता. तिच्या मावसबहिणीनं तिला सांगितलं होतं की कंपन्यांचा माल फोनवर दाखवायचा, आपली लिंक द्यायची, त्या लिंकवरून कुणी घेतलं की कंपनी आपल्याला कमिशन देते. पण त्याला स्वतःची वेबसाइट लागते म्हणे. बाजारातला एक कॉम्प्युटरवाला ती बनवून द्यायला तयार होता. त्यानं जे मागितलं ते ऐकून ती घरी आली आणि ओट्यावर बसून मोठ्यानं हसली. कंपनीच्या अर्जात वेबसाइटचं नाव विचारलं होतं. तिथं फोनवरचं आपलं पान दिलं तरी चालतं, हे तिचं तिनंच वाचून शोधलं. पान उघडलं, गल्लीतल्या बायकांचा एक ग्रुप केला, आणि झालं.

"वेबसाइट काय करायची काकू," ती मला म्हणाली, "हा ओटाच आपली वेबसाइट. इथं सगळ्या येऊन बसतातच की."

त्या सगळ्या आजवर माझ्या पायरीवर बसत होत्या, हे तिच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही.

दलाली आम्हा बऱ्हाणपूरवाल्यांना नवी नाही. केळीचा ट्रक भरायचा तर मध्ये दलाल असतोच. पण दलाल कधी तोंडानं सांगत नाही की यात माझे किती. ही सांगायची. ग्रुपवर पहिल्याच दिवशी तिनं बोलून पाठवलं की मला यात कमिशन मिळतं, तुम्हाला जास्त पडत नाही, पण मिळतं, नंतर कुणी म्हणू नका. मी मनात म्हटलं, संपला हिचा धंदा. संपला नाही.

सुरुवातीला मात्र मजा यायची. बायकांना वाटायचं माल हिच्या घरात आहे. जसोंडीची एक बाई, आठवडी बाजाराला आलेली, हिच्या ओट्यावर मिक्सरसाठी भाव करत बसली. ही सांगतेय की मावशी, मिक्सर माझ्याजवळ नाही, कंपनीकडे आहे. बाई म्हणतेय, ते राहू दे, तू किती कमी करशील ते बोल. कंपनी भाव कमी करत नाही म्हटल्यावर बाई म्हणाली, मग कंपनीला फोन लाव, मी बोलते. मी दुकानातून हे सगळं बघत होते आणि माझं पोट दुखेपर्यंत हसले. दुपारी त्या बाईनं तिच्याच लिंकवरून मिक्सर मागवला. तेव्हा हसणं थांबलं.

दुसरी अडचण नवरेमंडळींची. बायको लिंक दाखवायची आणि नवरा, आपल्याला जास्त कळतं म्हणून, लिंक सोडून तीच वस्तू स्वतः शोधून मागवायचा. वस्तू यायची, हिला काही मिळायचं नाही. ती चिडायची नाही. "भैया, वस्तू आली ना चांगली?" एवढंच विचारायची, आणि तो माणूस पुढच्या वेळी मुकाट्यानं लिंकवर जायचा. मी असते तर त्याला भर गल्लीत बोलले असते.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, बघा. आवाज चढवत नाही आणि सगळं तिच्याकडे वळतं.

ती प्रत्येक वस्तू आधी स्वतःसाठी एक मागवायची आणि ती घेऊन माझ्याकडे यायची. "काकू, जरा देखो ना, कैसा है." मला वाटायचं ही मला खिजवायला येते. म्हणून मीही सोडायची नाही. तिनं तवा आणला तर मी म्हणायची, याचा दांडा इतका लांब आहे की शेगडीवर ठेवला तर येणाजाणाऱ्याच्या पदरात अडकेल. डबा आणला तर म्हणायची, झाकण बंद होतं पण उघडायला शेजारच्या घरातला गडी बोलवावा लागेल. एकदा तिनं खोबऱ्याची किसणी आणली. मी म्हटलं, "यानं खोबरं कमी आणि बोटं जास्त किसली जातील." ती अंगठा ओढणीला पुसत म्हणाली, "और कुछ?" मी आणखी दोन खोटी काढल्या. ती थँक्यू म्हणून गेली. मला वाटलं, हिरमुसली.

माझी सून त्या ग्रुपमध्ये होती, हे मला चालत नव्हतं पण होती. दुसऱ्या दिवशी मी कणीक मळत होते आणि ती पोळ्या लाटता लाटता हसायला लागली. मी विचारलं काय झालं. तिनं फोन माझ्या कानाशी धरला. समोरचीचा आवाज होता. "बहनों, ही किसणी. आधी खोट सांगते. हिनं खोबरं कमी आणि बोटं जास्त किसली जातील, म्हणून तुकडा मोठा घ्या आणि शेवटचा राहील तो खाऊन टाका. ज्यांना घाई असते त्यांनी घेऊ नका. बाकीच्यांसाठी लिंक खाली आहे."

खाली बायकांनी हसण्याची चित्रं टाकली होती आणि निम्म्या गल्लीनं किसणी मागवली होती.

मी सुनेला म्हटलं, मागचं ऐकव. तिनं एकेक ऐकवलं. दांडा, पदर, झाकण, शेजारचा गडी. सगळं माझं. माझे शब्द, माझी चाल, फक्त आवाज तिचा. आणि त्या बोलण्याला गल्लीतल्या बायका म्हणत होत्या, किती खरं बोलते बाई.

मी पीठ लागलेल्या हातानंच रस्ता ओलांडला. ती ओट्यावर लसूण सोलत होती.

"माझं बोलणं तू विकतेस?" मी विचारलं.

"हो काकू," ती म्हणाली. सरळ. मान खाली न घालता. "मला आधी फक्त चांगलंच दिसायचं. मी चांगलं चांगलं सांगायचे तर कोणी घेत नव्हतं. तुम्ही किसणीच्या आधी त्या तव्याला नावं ठेवली, ती मी तशीच सांगितली, और पहिल्यांदा लोकांनी विश्वास ठेवला."

मी म्हटलं, ती माझी नजर आहे.

"आहे ना. पण तुम्ही तुमच्या दुकानातल्या मालाची खोट सांगता का कधी कुणाला?"

कोणता दुकानदार सांगतो? तिनं सुपातला लसूण बाजूला सारून मला बसायला जागा केली. म्हणाली, पुढच्या वेळेपासून ग्रुपवर तुमचं नाव घेते, काकूंनी काढलेली खोट म्हणून सांगते, आणि कमिशनमध्येही तुमचा वाटा. मी म्हटलं, माझं नाव तुझ्या फोनात नको आणि तुझी दलाली माझ्या घरात नको. रागात बोलले. दलालीचं मला काही नाही. नावाचं मात्र आजही वाटतं.

मग मी ठरवलं की तोंड उघडायचंच नाही. पुढच्या वेळी ती पाण्याची बाटली घेऊन आली. बाटली रद्दड होती. बुडाशी जोड दिसत होता, बूच वाकडं. मी हातात फिरवली आणि म्हटलं, "छान आहे. जरूर टाक ग्रुपवर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

"काकू, तुम्ही छान म्हणालात म्हणजे ही बाटली पक्की बेकार." तिनं ती परत पाठवून दिली. ग्रुपवर तिचं नावही काढलं नाही. आता सांगा, अशा बाईचं काय करायचं? खरं बोलावं तर तिचा फायदा, खोटं बोलावं तरी तिचाच फायदा.

संक्रांतीला माझा खरा धंदा असतो. हळदीकुंकवाच्या वाणाला वाट्या, चमचे, गाळण्या, झारे. आख्खी गल्ली माझ्याकडून न्यायची. त्या वर्षी बायकांनी फोनवरून वाण मागवलं. रंगीत प्लास्टिकचे डबे, पाकिटं, काय काय. माझ्या वाट्यांची खोकी तशीच राहिली. मी कुणाच्या हळदीकुंकवाला जाणार नव्हते. पण हिच्याकडे गेले, कारण मला बघायचं होतं की ही स्वतः काय वाण देते.

तिनं माझ्याच वाट्या दिल्या. माझ्याकडून कधी नेल्या ते मला माहीत नव्हतं. सुनेकडून नेल्या होत्या. भरल्या खोलीत एकीनं विचारलं की हे वाण कुठून मागवलं, लिंक टाक.

"लिंक नाही. समोरच्या काकूंकडून," ती म्हणाली. "आधी खोट सांगते. काठ जरा धारदार आहे, लहान मुलांच्या हातात देऊ नका. बाकी जाड आहे, पडली तर चेमटणार नाही."

माझ्या मालाची खोट, माझ्या तोंडावर, हातात हळदीकुंकू घेऊन. मी तिळगूळ न खाता मुठीत धरून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायका दुकानात. त्या धारवाल्या वाट्या द्या हो काकू. राहिलेल्या बायकांच्या हळदीकुंकवापर्यंत खोकी रिकामी झाली. मी एकीलाही विचारलं नाही की धार आहे हे माहीत असून का घेताय. विचारलं असतं तर त्यांनी तिचं नाव घेतलं असतं.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याला इंदूरला काम मिळालं. टेम्पो दाराशी उभा होता तेव्हा ती माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "काकू, चला माझ्याबरोबर. वहाँ मेरी खोट कौन निकालेगा?" मी म्हटलं, माझं दुकान कोण बघणार. टेम्पो इतवाऱ्याच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत मी पायरीवर उभी होते. घरात जायला काही कारण नव्हतं, म्हणून.

मला वाटलं, आता बायका परत माझ्याकडे येतील. आल्याही. बसतात, विचारतात, मी सांगते ते ऐकतात. मग घरी जाऊन ती फोनवर काय म्हणते ते बघतात. घर रिकामं झालं तरी ग्रुप रिकामा झाला नाही. इंदूरच्या बायका त्यात आल्या, आणखी कुठकुठल्या आल्या. वेबसाइट तिनं अजूनही केलेली नाही असं सून सांगते.

पहिले काही महिने तिच्या बोलण्यात काही दम नव्हता. रंग उतरतो, वजनाला हलकं आहे, असलंच काहीतरी. सून ऐकवायची आणि मी म्हणायची, बघ, माझ्याशिवाय हिला काही दिसत नाही. ते ऐकवायला मी सुनेला स्वतःहून सांगायला लागले होते.

दिवाळीच्या आधी तिनं चकलीचा सोऱ्या टाकला. वर मूठ फिरवायचा, पितळी. माझ्या दुकानातही तसेच सोरे आहेत, कित्येक वर्षं विकतेय. सुनेनं फोन लावला.

"बहनों, आधी खोट सांगते. सोऱ्या मजबूत आहे, पण डावखुऱ्या बाईला याची मूठ उलटी पडते. अर्ध्या घाण्यातच मनगट दुखायला लागेल."

मी सुनेला पुन्हा लावायला सांगितलं. मग फळीवरचा सोऱ्या काढला, डाव्या हातात मूठ धरली आणि फिरवून पाहिली. उलटी पडत होती. इतकी वर्षं मी ते सोरे उजव्या हातानं दाखवून विकले आणि मला हे कधी दिसलं नाही.

"काय झालं हो आई?" सुनेनं विचारलं.

मी सोऱ्या फळीवर ठेवला.

"काही नाही," मी म्हटलं. "तिला तिथं कुणीतरी भेटलीय. डावखुरी."